रत्ना मामलेदार झालीच पाहिजे

माणसाला टाळ्यांची सवय लागू नये. अक्षताला ती जानेवारीत लागली. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, हातभर उंचीची ढाल मिळाली, आणि तेव्हापासून चार माणसं एका जागी उभी दिसली की तिला बोलावंसं वाटायला लागलं. मग ती माणसं रॉकेलच्या रांगेतली असोत नाहीतर मयताला जमलेली. आई म्हणायची, "बाई गं, ढाल आहे ती. तिच्यामागं लपायचं असतं. तू ती घेऊन धावून काय जातीस?"

पण ऐकेल ती अक्षता कसली! पुढं जे रामायण घडलं, त्याचं मूळ ह्या ढालीत आहे, केबलवाल्या कृष्णातमध्ये नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कृष्णात बिचारा उगाच मार खाता खाता वाचला.

तर त्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, साताऱ्यात कृष्णातनं आपल्या केबलवर रोज दुपारी चारला जुन्या मालिका दाखवायला सुरुवात केली. पुण्यातल्या कुणा हौशी गृहस्थानं दहा वर्षांपूर्वी घरी बसून दूरदर्शन टेप करून ठेवलं होतं, त्या कॅसेटींचं अख्खं खोकं कृष्णातला मिळालं होतं. गृहस्थ जाहिराती आल्या की टेप थांबवायचे, पण बातम्यांना विसरायचे. त्यामुळं मालिकेच्या शेपटाला अठ्ठ्याऐंशी सालच्या बातम्या चिकटलेल्या असायच्या. शेजारच्या शरयूकाकूंनी एकदा दहा वर्षांपूर्वीचा हवामानाचा अंदाज ऐकून गच्चीवरचे पापड आत घेतले, आणि वर पाऊस आला! तेव्हापासून काकूंचा ताज्या अंदाजावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

ह्या खोक्यातूनच दोन जूनला 'रत्नाची पाटी' बाहेर आली. अक्षता पाच वर्षांची असताना ही मालिका दर गुरुवारी लागायची. तेव्हा ती वाडीला राहायची. वाडी म्हणजे कवठे महांकाळपासून आत, जिथं एसटी दिवसातून दोनदा यायची आणि आल्यावर ड्रायव्हरलाच आश्चर्य वाटायचं. सगळ्या वाडीत एकच टीव्ही, तो ग्रामपंचायतीत. आता दहा वर्षांनी बघताना अक्षताला फार गंमत वाटत होती. लहानपणी जी नदी वाटली होती ती आता हौदाएवढी निघाली. गावात एकूण तीनच कोंबड्या होत्या आणि त्याच प्रत्येक घरापुढं फिरत होत्या. पण रत्ना? रत्ना होती तशीच होती! बापानं शाळा बंद केली तरी चुलीपुढं राखेत गणितं सोडवणारी, पाटी धान्याच्या कणगीत लपवणारी. बाराव्या भागात एकाच दिवशी रत्नाची परीक्षा आणि रत्नाचं लग्न येतं, आणि कपाळाला मुंडावळ्या लावलेली रत्ना दाराकडं बघते. बस्स. तिथं भाग संपतो.

तेराव्या भागाच्या दिवशी वाडीची डीपी जळाली होती. सगळं गाव टीव्हीपुढं बसलेलं आणि टीव्ही काळा. शेवट बघितला तो वाडीतल्या एकट्या आबांनी. आबा म्हणजे अक्षताचे आजोबा, निवृत्त सुभेदार. त्या दिवशी पेन्शनच्या कामाला सांगलीला गेले होते आणि तिथं एका दुकानाच्या काचेतून त्यांनी तो भाग पाहिला होता. शेवटच्या एसटीतून उतरून त्यांनी फाट्यावरच सगळ्यांना सांगितला. रत्ना भर मांडवातून उठते, मुंडावळ्या सोडून परीक्षेला जाते, पास होते, आणि पाच वर्षांनी मामलेदार होऊन त्याच गावात जीपमधून येते. जीप बघून बाप पागोटं काढतो. आबांनी हे इतकं झकास सांगितलं होतं की वाडीनं पुढच्या वर्षी बालवाडी काढली तिचं नाव ठेवलं 'रत्ना बालवाडी', आणि चार पोरी सायकलवरून कवठ्याच्या हायस्कुलात जायला लागल्या. त्यातली एक आज मिरजेला नर्स आहे.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग अक्षता सुट्टीचे उरलेले दिवस काढायला वाडीला गेली.

तिथं तिच्या चुलत बहिणीच्या, प्रियंकाच्या घरी बैठक बसलेली. प्रियंका बारावीला वाडीत पहिली आली होती. (वाडीत बारावीला दोघंच होती, पण पहिली ती पहिली.) तिला सांगलीच्या कॉलेजात जायचं होतं, होस्टेलवर राहायचं होतं, आणि मग परीक्षा देऊन मामलेदार व्हायचं होतं. फॉर्म आणलेला होता. बापानं तो भरायचा तेवढा बाकी होता. पण त्याच आठवड्यात तात्याबा दुष्काळी जतचं एक स्थळ घेऊन आले. तात्याबा म्हणजे वाडीतले सोयरिकी जुळवणारे. नकार त्यांना ऐकूच यायचा नाही.

"गुंडा, पोराचा सोताचा पान्याचा टँकर हाय," तात्याबा सांगत होते. "जतंत टँकर म्हंजी काय, तुला सांगाय पायजे व्हय? असला जावई म्हंजी घरात फिरती हीर!"

गुंडाकाका, म्हणजे प्रियंकाचे वडील, भला माणूस; पण शेवटी जो बोलेल तो त्यांना खरा वाटायचा. ते डोकं खाजवत म्हणाले, "टँकर चांगलाच की. पन पोरगी म्हनतीया रत्नासारकी मामलेदार हुनार…"

"कोन रत्ना?" तात्याबा उसळले. "आरं, ती मामलेदार झाल्याली कुनी बघितली? एकट्या सुभेदारांनी! उरल्याल्या वाडीनं नुसतं कानानं बघितलंय."

"सुभेदार खोटं बोलतील व्हय?"

"खोटं म्हनत न्हाई मी. पन मानूस काचंतनं बघत हुता, रं. काचंतनं काय बी दिसतं."

प्रियंका दाराशी उभी राहून पदराचं टोक नव्हे, फॉर्मचं टोक चुरगाळत होती. ते बघितलं आणि अक्षताच्या अंगात ढाल संचारली. ती उठली. उजवा हात वर गेला.

"सगळ्यांनी माझं ऐका! आमच्या साताऱ्याला केबलवर 'रत्नाची पाटी' चालू आहे. रोज एक भाग. येत्या रविवारी, चौदा तारखेला, चार वाजता शेवटचा भाग आहे. सगळ्यांनी आमच्याकडं यायचं आणि डोळ्यांनी बघायचं! रत्ना मामलेदार झाली तर प्रियाक्का सांगलीला. नाही झाली तर खुशाल टँकर!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. तात्याबा म्हणाले, "पोरगी मर्दासारकी बोलली!" गुंडाकाका म्हणाले, "बुधवारी फार्माची शेवटची तारीख हाय, म्हंजी बरूबर बसतंय." आणि गुंडाकाकांच्या आई, म्हणजे आबांच्या वहिनी, वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या पारूबाई, म्हणाल्या, "मी बी येनार. दहा वरसं झाली, मला ती जीप बघायची हाय."

एकट्या प्रियंकानं टाळी वाजवली नाही. ती अक्षताला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, "अक्षे, शेवटचं वाक्य कशाला बोललीस गं?"

"कुठलं?"

"खुशाल टँकर."

"अगं, ते भाषणात लागतं. दुसरी बाजू मांडावी लागते! होणार कुठं आहे तसं? आबांनी बघितलाय की भाग!"

साताऱ्याला परतल्या परतल्या तिनं ही विजयवार्ता आबांना दिली; आबाही आता मुलाकडं साताऱ्यालाच राहायचे. आबा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी दर सोमवारी बूट असे चमकायचे की त्यात बघून दाढी करावी. अक्षताचं सांगून झालं. आबांचा ब्रश एका जागी थांबला.

"किती जण येणार?"

"एकोणीस. ट्रॅक्स ठरवलीये."

आबांनी बूट खाली ठेवला. पासष्टच्या लढाईत जो माणूस डगमगला नाही, त्याचा चेहरा आकाशवाणी बंद पडल्यासारखा झाला. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, मी तो भाग बघितला नाही."

"म्हणजे?"

"दुकानासमोर उभा होतो. सुरुवातीची नावं आली आणि दुकानदारानं शटर खाली घेतलं. आठ वाजले, म्हणाला."

"मग ती जीप? पागोटं?"

"अगं, एसटीतून उतरलो तर फाट्यावर सगळी वाडी उभी! कंदील घेऊन! 'सुभेदार, काय झालं? सुभेदार, काय झालं?' आता सुभेदारानं काय सांगायचं? शटर पडलं? पहिलं वाक्य तोंडातून गेलं, 'रत्ना उठली.' मग माघार घेता येईना. फौजेत माघारीची सवय नव्हती ना."

"पण जीप कशाला घातली, आबा!"

"जीप घातली की लोक शंका घेत नाहीत," आबा म्हणाले. ह्या विषयाचा त्यांचा अभ्यास दिसला.

झालं! अक्षता त्या रात्री जेवली नाही, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. रत्ना मामलेदार झाली असेलही, कोण सांगणार? पण झाली नसेल तर? आबांची दहा वर्षांची अब्रू, वाडीची बालवाडी, आणि प्रियाक्काची सांगली, सगळं एका दुपारी चार वाजता खलास. आणि आमंत्रण कुणी दिलं? तिनं स्वतः, हात वर करून. तो भाग दिसताच कामा नये, असं तिनं ठरवलं. आता पाच दिवस हातात होते.

पहिला डाव, केबल. घरचं चित्र मुळात तीन महिन्यांपासून मुंग्या आल्यासारखं दिसत होतं. पप्पा, म्हणजे दादासो, सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारे, त्यांनी कृष्णातला चार तक्रारअर्ज दिले होते, प्रत्येकावर मागच्या अर्जाचा संदर्भ क्रमांक टाकून. उपयोग शून्य. अक्षता पोवई नाक्यावर कृष्णातच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "आमची केबल रविवारी एक दिवस बंद ठेवा."

कृष्णातनं हातातला चहा खाली ठेवला. "ताई, टोमणे मारू नका."

"टोमणा नाही हो. खरंच बंद करा."

"समजलं मला. चार अर्ज झाले, आता पोरीला पाठवलं. एवढं लागणारं बोलायला नको होतं तुम्ही." आणि त्याचे डोळे चक्क भरून आले. शनिवारी सकाळी तो स्वतः शिडी घेऊन हजर! नवी वायर ओढली, बूस्टर बसवला, आणि चित्र इतकं लख्ख झालं की बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीची टाचणी दिसायला लागली. पप्पा खूश होऊन म्हणाले, "बघितलंस? पाठपुरावा करावा लागतो."

दुसरा डाव, वीज. रोज संध्याकाळच्या आत एकदा तरी जायची, ती रविवारी चारला जाईल का, एवढंच विचारायला अक्षता विजेच्या कचेरीत गेली. "वीज घालवा" असं सरळ कसं म्हणणार? तिनं खिडकीवरच्या साहेबांना विचारलं, "काका, रविवारी चार ते साडेचार वीज जाणार आहे का हो? फार महत्त्वाचं आहे. एका मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. "तू ती ढालवाली ना? माझ्या धाकट्याच्या शाळेत झाली होती स्पर्धा. 'स्त्रीशिक्षण काल आणि आज'! वा!" त्यांनी तिथल्या तिथं लाइनमनला हाक मारली. "रविवारी चार ते साडेचार ह्या पोरीच्या भागातली लाइन गेली तर तू आणि मी दोघं गेलो, समज."

अक्षताला त्यांचे आभार मानावे लागले. विषयाची निवड चुकली होती.

तिसरा डाव तिनं रविवारी सकाळी टाकला. सरळ टीव्हीच्या मागचं झाकण काढून आतली एक बारीकशी तांबडी वायर उपसली. टीव्ही चौदा इंची, काळापांढरा, आज्ञाधारक. लगेच मेला. पप्पांनी दोन्ही बाजूंनी थोपटलं, आधी संयमानं, मग संयम सोडून. नाही म्हणजे नाही. अक्षता खिन्न चेहरा करून आत कांदे चिरायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कांद्यांचा उपयोग झाला.

तेवढ्यात शरयूकाकू दारात. "वहिनी, तुमच्याकडं गावचे पाहुणे येणार आणि टीव्ही बंद? आम्ही मेलोय की काय शेजारी?" अर्ध्या तासात काकूंचे यजमान विष्णुपंत आणि दोन रिक्षावाले मिळून त्यांचा एकवीस इंची रंगीत टीव्ही सोलापुरी चादरीत घालून, पालखी आणल्यासारखा घेऊन आले. काकूंनी त्यावर हळदकुंकूही वाहिलं. "पन्नास जणांना दिसेल," विष्णुपंत धापा टाकत म्हणाले. "आवाजही मोठा आहे."

म्हणजे पाच दिवसांत अक्षतानं एकटीनं नवी वायर, खात्रीची वीज आणि रंगीत टीव्ही एवढी तयारी करून दिली होती. लग्नघरात एवढी होत नाही.

पावणेचारला ट्रॅक्स आली. तिच्यातून माणसं उतरतच राहिली. गुंडाकाका, पारूबाई, तात्याबा (नवा फेटा), प्रियंका, तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तो फॉर्म. सगळे दाटीवाटीनं बसले. आबा इस्त्रीचे कपडे आणि ते बूट घालून दाराजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. खटल्याला उभं राहायची तयारीच होती ती.

प्रियंका अक्षताजवळ सरकली. "काय गं, तुझा चेहरा असा का?"

"कांदे चिरले."

"अक्षे, खरं सांग. आबांनी बघितलंय ना?"

अक्षता, सातारा जिल्ह्याची उगवती वक्ता, एक अक्षर बोलू शकली नाही. प्रियंकानं तिच्याकडं बघितलं, मग आबांच्या बुटांकडं, आणि तिला सगळं कळलं. ती फक्त म्हणाली, "बरं." आणि पिशवीची गाठ घट्ट केली.

चार वाजले. पेटीचे स्वर वाजले. मांडव, सनई, मुंडावळ्या. रत्ना दाराकडं बघते. सगळी खोली श्वास रोखून. बघते… बघते… आणि मान खाली घालते. अंतरपाट दूर होतो, डोक्यावर अक्षता पडतात. आई रडते, बाप रडतो, तिन्ही कोंबड्या हजर असतात. रत्ना पाटीवरून हात फिरवते, पाटी पेटीत ठेवते, पेटी बैलगाडीत. गाडी लांब जाते. धूळ. नावं. आणि लगेच अठ्ठ्याऐंशी सालच्या बातम्या.

विष्णुपंतांनी टीव्ही बंद केला. बाहेरच्या रिक्षावाल्यांचं भांडण आत स्पष्ट ऐकू आलं.

"झालं?" तात्याबा म्हणाले आणि त्यांनी तंबाखूची डबी काढली. "मिटली शंका? गुंडा, मी पावन्यांना बेस्तरवारी बोलावतो."

गुंडाकाकांनी मान वळवून आबांकडं बघितलं. नुसतं बघितलं. आबा दोन पावलं पुढं आले, टाचा जुळवल्या.

"गुंडा, मला सगळ्यांना एक सांगायचंय. त्या दिवशी सांगलीला मी…"

"भावजी, तुमी गप बसा," पारूबाई म्हणाल्या.

"वहिनी, बोलू द्या मला."

"तुमी काय बोलनार? तुमी बघितलं त्ये बघितलं. मानूस दहा वरसांमागं येक सांगतो आन् आज ह्यो डबा दुसरंच दावतो, तर खोटा कोन? डबा!" पारूबाईंनी पडद्याकडं बोट केलं. "ह्येनी म्होरलं तोडलंय."

"तोडलंय?" तात्याबा हसले.

"मग! जत्रंतल्या तंबूत त्यो सिनेमावाला न्हाई का शेवटचं रीळ गाळायचा, दुसरा खेळ बशिवायला? येका सालाला तर दरोडेखोर मेलाच न्हाई. तवा वाडीनं तंबूला येढा घातला, मग मेला. तात्याबा, तुमीच मशीनवाल्याचं बकोट धरलं हुतं की!"

तात्याबांना ते नाकारता येईना. ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मर्दुमकी होती. "धरलं हुतं," ते म्हणाले.

"आन् मला सांगा, पोरीनं पाटी पेटीत घातली. कशापायी? परत काडायलाच की! न काडायची आसती तर बापाच्या घरी ठिवली आसती. ती काडायचीच हाय आजून. खेळ तितंच तोडलाय."

सगळी खोली विचारात पडली. खरं तर ह्यात नाव ठेवायला जागा नव्हती. आणि मग घरातल्या सर्वांत अनपेक्षित माणसाकडून पुरावा आला. पप्पांनी घड्याळ बघितलं आणि कचेरीच्या आवाजात म्हणाले, "चार वाजता सुरू झाला. चार बावीसला संपला. मालिका अर्ध्या तासाची असते. म्हणजे आठ मिनिटं गहाळ आहेत."

ती आठ मिनिटं जाहिरातींची होती, पुण्याच्या गृहस्थानं गाळलेली, हे अक्षताला चटकन कळलं. तिचा हात वर जाऊ लागला. पण तो तिनं मांडीखाली दाबून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"आठ मिंटांत काय, दोन मामलेदार हुत्यात!" पारूबाई म्हणाल्या. "उठा समदी. कुठाय त्यो केबलवाला?"

एकोणीस माणसं, वर घरचे, शरयूकाकू आणि विष्णुपंत, अशी वरात पोवई नाक्याकडं निघाली. आबा वाटेत प्रत्येकाला गाठून सांगायचा प्रयत्न करत होते. "अरे, ऐका, तो भाग मी…" "आबा, तुमी म्होरं व्हा, तुमी हायसा म्हनून बळ हाय," असं म्हणून जो तो त्यांना पुढं ढकलत होता. असं ढकलत ढकलत कृष्णातच्या दुकानात सर्वांत आधी आबाच शिरले.

कृष्णातनं मान वर केली. समोर सुभेदार, मागं फेटे, त्यामागं लुगडी, त्यामागं रस्ता अडलेला.

"कृष्णात," आबा अगदी समजुतीनं म्हणाले, "मला फक्त एकच सांग. तुझी कॅसेट पूर्ण आहे ना?"

आता गंमत अशी, की कृष्णात खरोखरच शेवट तोडायचा. रात्रीचा पिक्चर लांबला की त्याला झोप यायची आणि तो क्लायमॅक्सच्या मध्येच मशीन बंद करून घरी जायचा. आज ना उद्या लोक येणार, हे त्याला ठाऊक होतं. फक्त इतके येतील असं वाटलं नव्हतं.

"सुभेदार, चूक झाली," तो हात जोडून म्हणाला.

"काय?" आबा किंचाळले.

"पुन्हा नाही तोडणार. मुलाबाळांची शपथ."

"बगा!" पारूबाई गरजल्या. "म्होरलं दाव आता."

"म्होरलं… आजी, ते आता… ते पुसलं गेलं."

"मग निदान लोकांना सांग तरी. साताऱ्यात घराघरात लोकं रडत बसली आसतील. पोरगी मामलेदार झाली आन् ह्यास्नी ठावंच न्हाई!"

कृष्णातकडं पडद्याच्या तळाशी पट्टी फिरवायचं यंत्र होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हरवलेली कुत्री ह्यासाठी ते वापरलं जायचं. त्यानं कागद-पेन पुढं केलं. "तुम्हीच मजकूर लिहून द्या. मी बुधवारपर्यंत फिरवतो."

सगळ्यांनी अक्षताकडं बघितलं. ढाल कुणाकडं होती?

अक्षतानं पेन घेतलं. हे खोटं होतं, चक्क खोटं, आणि ते तिच्या अक्षरात साताराभर फिरणार होतं. तिनं प्रियंकाकडं बघितलं. प्रियंका काही खुणावत नव्हती, विनवत नव्हती. ती फक्त पिशवीतून फॉर्म काढून त्याच्या घड्या तळहातानं सरळ करत होती, जणू तो आज ना उद्या लागणारच. मग अक्षतानं लिहिलं, आणि तेव्हापासून ते तीन दिवस, बातम्यांखाली, भजनांखाली, क्रिकेटखालीसुद्धा, हे फिरत राहिलं:

"रविवारी दाखवलेला 'रत्नाची पाटी'चा शेवटचा भाग अपुरा होता. प्रेक्षकांनी गैरसमज करून घेऊ नये. रत्ना मामलेदार झाली. क्षमस्व."

सोमवारी कृष्णातला अकरा फोन आले. नऊ जणांनी अभिनंदन केलं, एकानं रत्ना कुठल्या गल्लीतली विचारलं, आणि एका बाईंनी आपल्या इंजिनिअर भाच्यासाठी तिची पत्रिका मागवली.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी पहिली पट्टी दुकानातल्याच टीव्हीवर सरकत गेली, तेव्हा गुंडाकाकांनी ती बोट धरून, एकेक अक्षर जुळवत वाचली. पुन्हा उजवीकडून आली, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तात्याबा, पावन्यांना नगं म्हनून सांगा."

"आरं, पन टँकर…"

"त्यास्नी म्हनावं, दम धरा. पोरगी मामलेदार झाली की त्यांच्या टँकरच्या कागदावर तीच सही करंल."

 तात्याबांची तंबाखू तळहातावर तशीच राहिली. जतमध्ये टँकर कुणाच्या सहीनं फिरतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते म्हणाले, "मग लवकर भरा की त्यो फारम. हितं काय करताय?"

बुधवारी सांगलीच्या कॉलेजात खिडकीपुढं ही लांबलचक रांग. प्रियंका रांगेत, गुंडाकाका बाकावर फॉर्म मांडीवर घेऊन, कारण फॉर्मवर छापलं होतं, 'पालकाने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा.' शेजारी आबा आणि अक्षता. आबांनी हट्टानं पहाटेची एसटी पकडली होती. तीन दिवस त्यांना नीट झोप नव्हती. गुंडाकाका जीभ दातात धरून एकेक काना ओढत होते. नाव झालं, गाव झालं. 'मुलीने पुढे काय व्हावे अशी पालकाची इच्छा आहे?' ह्या रकान्यापाशी ते आले आणि त्यांनी 'मा' काढला.

आबांना राहवलं नाही. ते एका दमात बोलले. "गुंडा, आता ऐकच. मी तो भाग बघितलाच नव्हता. शटर पडलं होतं. जीप, पागोटं, सगळं माझ्या मनाचं. रत्ना कधीच मामलेदार झाली नाही, बाबा."

अक्षतानं डोळे मिटले. रांगेत प्रियंका मागं न वळता ताठ उभी राहिली.

गुंडाकाकांचं पेन थांबलं. ते पुढच्या अक्षराच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. मग त्यांनी 'म' काढला, 'ले' काढला, जपून, रेघेच्या बाहेर जाऊ न देता.

"आबा," ते मान वर न करता म्हणाले, "लिवताना बोलू नगासा. चुकलं तर पंचाईत. हितं खाडाखोड चालत न्हाई."